पेशीच्या उंबऱ्यावरची ये-जा: विसरण आणि परासरणाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोलापुरात मी आठवी ते बारावीच्या मुलांना जीवशास्त्र शिकवते. या एका विषयावर जेवढे प्रश्न येतात तेवढे दुसऱ्या कुठल्याच धड्यावर येत नाहीत. मुलं विचारतात, आणि त्यांच्या वह्या चाळणारे पालकही विचारतात. त्यांत डाळिंब-द्राक्षाचे बागायतदार आहेत, सूत रंगवणारे आहेत, वॉर्डात रात्रपाळी करणाऱ्या सिस्टर आहेत. पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न शक्यतो विचारणाऱ्यांच्याच शब्दांत खाली घेतले आहेत. उत्तर आधी कुठे येऊन गेलं असेल तिथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. मॅडम, विसरण म्हणजे उदबत्तीचा वास घरभर पसरतो तेच ना?

हे उदाहरण सगळीकडे देतात, पण मला ते पटत नाही. उदबत्तीचा वास खोलीभर जातो तो मुख्यतः वाऱ्यामुळे, पंख्यामुळे आणि गरम धूर वर चढतो म्हणून. हवा अगदी निश्चल असती तर निव्वळ विसरणाने वास पलीकडच्या भिंतीपाशी पोचायला तासन् तास गेले असते.

त्यापेक्षा हे करून बघा. काचेच्या ग्लासात पाणी भरून तासभर हलवू नका. मग पोटॅशियम परमँगनेटचा एक खडा हळूच तळाशी सोडा. खड्याभोवती जांभळा पट्टा तयार होतो आणि तो फार सावकाश वर सरकतो. दुसऱ्या दिवशीही वरचं पाणी खालच्यापेक्षा फिकं असतं. कोणी न ढवळता रेणूंनी केलेला हा प्रवास म्हणजे विसरण.

रेणूंना कोणी ओढत नाही. प्रत्येक रेणू आजूबाजूच्या रेणूंचे धक्के खात वाट फुटेल तिकडे जातो. १८२७ मध्ये रॉबर्ट ब्राऊन यांनी परागकणांतले बारीक कण पाण्यात असे सारखे थरथरताना पाहिले. त्या थरथरीचं गणित १९०५ मध्ये आइन्स्टाइन यांनी मांडलं. जिथे रेणू जास्त आहेत तिथून बाहेर पडणारेही जास्त असतात आणि विरळ बाजूने परत येणारे कमी. या वजाबाकीत जे उरतं त्याला आपण ‘जास्त संहतीकडून कमी संहतीकडे’ असं म्हणतो (संहती म्हणजे ठरावीक जागेत तो पदार्थ किती आहे ते).

२. माझ्या भावाच्या सेमीच्या पुस्तकात डिफ्यूजन आणि ऑस्मॉसिस आहे, माझ्यात विसरण आणि परासरण. एकच आहे का?

एकच. कॉन्सन्ट्रेशन म्हणजे संहती, प्लाझ्मा मेम्ब्रेन म्हणजे प्रद्रव्यपटल, सेल वॉल म्हणजे पेशीभित्तिका. आयसोटॉनिकला समपरासारी, हायपोटॉनिकला अवपरासारी, हायपरटॉनिकला अतिपरासारी आणि प्लाझ्मोलिसिसला रससंकोच म्हणतात. परीक्षेत कुठलाही शब्द लिहा, पण एका उत्तरात एकच ठेवा.

३. विसरण जास्तीकडून कमीकडे होतं. मग परासरण कमीकडून जास्तीकडे कसं? हे उलटं का?

मला सगळ्यात जास्त वेळा आलेला प्रश्न हाच. गोंधळ होतो तो ‘संहती’ म्हणताना कशाची संहती हे न सांगितल्यामुळे.

मधे असं पटल आहे ज्यातून पाणी जातं, साखर जात नाही. डावीकडे साधं पाणी, उजवीकडे साखरेचं पाणी. डावीकडे साखरेची संहती कमी आहे आणि पाण्याची जास्त. पाणी डावीकडून उजवीकडे जातं, हेच परासरण, म्हणजे पाणी स्वतःच्या जास्त संहतीकडून कमी संहतीकडेच गेलं. पुस्तकातलं ‘कमी संहतीच्या द्रावणाकडून जास्त संहतीच्या द्रावणाकडे’ हे वाक्य विरघळलेल्या पदार्थाबद्दल म्हणजे द्राव्याबद्दल बोलतं. दोन्ही वाक्यं बरोबर आहेत, पण ती दोन वेगळ्या वस्तूंची आहेत. माझ्या वर्गात ‘संहती’ या शब्दाआधी पदार्थाचं नाव घातल्याशिवाय उत्तर पूर्ण धरत नाही. एवढी एक सवय लागली की या धड्यातल्या निम्म्या चुका थांबतात.

बारावीच्या मुलांसाठी थोडं पुढे. ‘परासरण म्हणजे पाण्याचं विसरण’ ही व्याख्या शाळेपुरती चालते. प्रत्यक्षात द्राव्यामुळे वॉटर पोटेन्शियल (पाण्याची दुसरीकडे जाण्याची ओढ) उतरतो आणि पाणी त्या उताराने जातं. पटलात छिद्रं असतील तर पाणी सुट्या रेणूंनी भटकत न जाता प्रवाहासारखं वाहतं, त्यामुळे वेग नुसत्या विसरणापेक्षा जास्त भरतो.

हा खेळ प्रथम नोंदवला फ्रान्सच्या नोले यांनी, १७४८ मध्ये. त्यांनी मद्यार्काने भरलेल्या भांड्याच्या तोंडावर डुकराच्या मूत्राशयाचा पडदा बांधला आणि ते भांडं पाण्यात बुडवून ठेवलं. काही तासांत पडदा बाहेरच्या बाजूला टम्म फुगला.

४. दोन्हीकडे सारखं झालं की ये-जा थांबते का?

थांबत नाही. जेवढे रेणू जातात तेवढेच येतात, म्हणून बदल दिसत नाही. परीक्षेत ‘हालचाल थांबते’ असं लिहू नका, ‘निव्वळ हालचाल शून्य होते’ असं लिहा.

५. समपरासारी, अवपरासारी, अतिपरासारी कायम उलटसुलट होतात. लक्षात कसं ठेवू?

हे तिन्ही शब्द तुलनेचे आहेत. ‘मिठाचं पाणी अतिपरासारी असतं’ हे वाक्य अपुरं आहे, कारण कोणाच्या तुलनेत ते सांगितलेलं नाही. शब्द नेहमी बाहेरच्या द्रावणाला लावायचा आणि तुलना पेशीच्या आतल्या भागाशी करायची. बाहेर द्राव्य जास्त असेल तर द्रावण अतिपरासारी, पेशीतलं पाणी बाहेर जातं, हे बहिःपरासरण. बाहेर द्राव्य कमी असेल तर अवपरासारी, पाणी आत येतं, हे अंतःपरासरण. सारखं असेल तर समपरासारी. या सरळ हिशेबाला एक महत्त्वाचा अपवाद आहे, तो प्रश्न १४ मध्ये.

६. पेशीचं पटल म्हणजे चाळणी का? लहान ते आत, मोठं ते बाहेर?

चाळणी समजलात तर पुढचं काहीच जुळणार नाही. सोडियमचा आयन साखरेच्या रेणूपेक्षा कितीतरी लहान असतो, तरी तो पटलाच्या मेदातून जवळजवळ जातच नाही. उलट त्याच्याहून मोठे असलेले स्टिरॉइड संप्रेरकांचे रेणू सहज पार होतात.

पटल साधारण ७ ते ८ नॅनोमीटर जाड असतं. त्यात मेदाच्या रेणूंचे दोन थर पाठीला पाठ लावून असतात. पाण्याशी जमवून घेणारी डोकी बाहेर, पाण्यापासून दूर राहणाऱ्या शेपट्या आत. या तेलकट मधल्या भागातून ऑक्सिजन आणि कार्बन डायऑक्साइड सहज जातात. विद्युतभार असलेल्या आयनांना तो अडवतो, कारण त्यांच्याभोवती चिकटलेलं पाणी सोडून तेलात शिरायला फार ऊर्जा लागते. या मेदात प्रथिनं तरंगत असतात. सिंगर आणि निकोल्सन यांनी १९७२ मध्ये मांडलेलं द्रायू मोझेक प्रतिमान ते हेच.

पाणी मेदातून थोडं थोडं झिरपतं. पण लाल रक्तपेशीत आणि मूत्रपिंडात ते इतकं झपाट्याने जातं की त्याला वेगळा मार्ग असणार असा संशय अभ्यासकांना फार पूर्वीपासून होता. तो मार्ग, ॲक्वापोरिन नावाचं प्रथिन, पीटर ॲग्री यांच्या प्रयोगशाळेने १९९२ मध्ये दाखवून दिला. त्यांनी बेडकाच्या अंडपेशीला हे प्रथिन तयार करायला लावलं आणि पेशी सौम्य द्रावणात ठेवली. ती फुगून फुटली. प्रथिन नसलेल्या शेजारच्या पेशीला फारसं काही झालं नाही. २००३ च्या रसायनशास्त्राच्या नोबेलमध्ये ॲग्री यांचा वाटा होता. मला हा प्रयोग फार आवडतो, कारण पेशी फुटते किंवा फुटत नाही, तिसरं काही नाही.

७. सुलभ विसरण आणि सक्रिय वहन यांत फरक काय?

उतार आणि चढ. ग्लुकोजला मेदातून जाता येत नाही, म्हणून ते वाहक प्रथिनांमार्फत जातं, पण जातं जास्तीकडून कमीकडेच. पेशीला त्यासाठी ऊर्जा खर्चावी लागत नाही. हे सुलभ विसरण. वाहकांची संख्या ठरलेली असल्याने एका मर्यादेनंतर संहती वाढवूनही वेग वाढत नाही. आलेखात ही सपाट झालेली रेघ दिसली की हे साधं विसरण नाही, वाहकामार्फत चाललंय हे ओळखायचं.

सक्रिय वहन कमीकडून जास्तीकडे होतं आणि त्याला ऊर्जा लागते. सोडियम-पोटॅशियम पंप एक एटीपी (पेशीत ऊर्जा पुरवणारा रेणू) खर्चून ३ सोडियम बाहेर टाकतो आणि २ पोटॅशियम आत घेतो. येन्स स्कौ यांनी तो १९५७ मध्ये शोधला आणि १९९७ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. हा पंप बंद पडला तर सोडियम आत साचतं, त्यामागे पाणी शिरतं आणि पेशी सुजते. म्हणजे परासरण फुकट होत असलं तरी त्यापासून बचाव करायला पेशी सतत खर्च करत असते.

८. पेशी इतक्या लहान का असतात? मोठी एकच पेशी का नाही?

याला बरीच कारणं आहेत, त्यातलं एक विसरणाच्या गणितात आहे. १८५५ मध्ये आडोल्फ फिक यांनी विसरणाचे नियम मांडले. त्यांतून निघणारी गोष्ट अशी की अंतर दुप्पट झालं की वेळ चौपट लागतो आणि अंतर दहापट झालं की वेळ शंभरपट.

पाण्यातल्या लहान रेणूचा हिशेब मी फळ्यावर नेहमी करून दाखवते. १० मायक्रोमीटर, म्हणजे एका पेशीएवढं अंतर, त्याला साधारण सेकंदाचा विसावा भाग पुरतो. १ मिलिमीटरला सुमारे ८ मिनिटं. १ सेंटिमीटरला सुमारे १४ तास. १० सेंटिमीटरला जवळजवळ २ महिने. आणि १ मीटरला सुमारे १६ वर्षं. फुप्फुसात आलेला ऑक्सिजन नुसत्या विसरणाने पायाच्या अंगठ्यापर्यंत पोचेपर्यंत मूल कॉलेजला गेलेलं असेल. म्हणून लांबचा पल्ला रक्ताभिसरणाकडे आणि शेवटची काही मायक्रोमीटर विसरणाकडे, अशी शरीराने वाटणी केली आहे. वायुकोशातली हवा आणि रक्त यांच्यामधला पडदा १ मायक्रोमीटरपेक्षाही पातळ असतो. न्यूमोनियात तिथे पाणी साचलं की धाप का लागते, ते वरच्या आकड्यांवरून कळतं.

९. आमच्याकडे सूत रंगवताना पाणी तापवतात. त्याचा याच्याशी संबंध आहे का?

आहे. पाणी तापलं की रेणूंची धावपळ वाढते आणि पाण्याचा वाहण्याला होणारा विरोधही उतरतो, त्यामुळे विसरण वेगाने होतं. शिवाय धागा ओलसर होऊन फुगतो आणि रंगाचे रेणू पृष्ठभागावर न थांबता आत शिरतात. मात्र सूत वरखाली करणं, पाणी ढवळणं हे विसरण नव्हे. ढवळण्याने रंग धाग्याच्या तोंडाशी पोचतो, आतला प्रवास विसरणाने होतो.

१०. बेदाणे पाण्यात टाकले, फुगले. पण पाणीही गोड लागलं! प्रयोग चुकला का?

चुकला नाही, तुम्ही पाणी चाखलंत याचं मला कौतुक वाटतं. साल काटेकोर निवडक्षम (पाणी जाऊ देणारी, साखर अडवणारी) असती तर साखर बाहेर आलीच नसती. बेदाणा सुकताना त्याच्या पेशी मेलेल्या असतात, पटलं फाटलेली असतात. पाणी आत जातं तेव्हा थोडी साखर बाहेर झिरपतेच. फुगण्याची दिशा परासरणाचीच आहे, पण हे पटल चोख नाही.

जिवंत पेशींवर बघायचं असेल तर बटाट्याच्या सारख्या आकाराच्या फोडी करा, पुसून वजन घ्या आणि एक साध्या पाण्यात, एक मिठाच्या दाट पाण्यात तासभर ठेवा. पहिली ताठ आणि जड होते, दुसरी मऊ पडते आणि वाकवली तर सहज वाकते. उकडलेल्या बटाट्याची फोडही घ्या. ती तशी वागत नाही, कारण तिथे पटलच उरलेलं नसतं.

याला जोडून पंढरपूर-कासेगाव भागातली मुलं विचारतात, की शेडवर द्राक्षाचा बेदाणा होतो तेही बहिःपरासरण का? नाही. तिथे पाणी वाफ होऊन हवेत जातं, ते बाष्पीभवन. घड आधी पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या पाण्यात बुडवतात, ते मण्यावरच्या मेणाच्या थराचा अडसर कमी करण्यासाठी.

११. लाल रक्तपेशी पाण्यात फुटते, मग मेथीची पेशी का फुटत नाही?

मेथीच्या पेशीला पटलाबाहेर पेशीभित्तिका आहे. पाणी शिरतं, आतला भाग भित्तिकेवर दाबला जातो, भित्तिका उलटा दाब देते आणि एका टप्प्यावर पाणी शिरणं थांबतं. या दाबामुळेच भाजी ताठ राहते. मे महिन्याच्या दुपारी मंडईतून आणलेली मलूल जुडी पाण्यात उभी केली की तासाभरात मान वर काढते, ते याच दाबाने.

मिठाच्या दाट पाण्यात उलट होतं. भित्तिका जागेवर राहते आणि पटल आतल्या ऐवजासह तिच्यापासून सुटून आकसतं, हा रससंकोच. लाल पेशीला भित्तिका नसल्याने तिला मधला मार्ग नाही. काकडीच्या कोशिंबिरीला मीठ लावल्यावर पाणी सुटतं आणि कैरीच्या लोणच्यात जंतू टिकत नाहीत, त्यामागेही हेच बहिःपरासरण आहे.

१२. रानात पाणी आहे, खतही भरपूर टाकलं, तरी पीक करपलं. खत जास्त झालं तर पीक का जळतं?

दादा, मुळाच्या केसातून पाणी आत जातं ते मुळातला रस मातीतल्या पाण्यापेक्षा दाट असतो म्हणून. खताचा ढीग मुळाजवळ पडला की मातीतलं पाणी दाट होतं आणि उतार सपाट होतो किंवा उलटतो. पाणी समोर असून मुळाला घेता येत नाही. पानांच्या कडा आधी करपतात, मग झाड माना टाकतं.

सगळी खतं सारखी नाहीत. सारख्या वजनात म्युरेट ऑफ पोटॅशने हा त्रास जास्त होतो, सल्फेट ऑफ पोटॅशने कमी आणि सिंगल सुपर फॉस्फेटने फारच कमी. खत ओलीवर द्यावं, बुंध्याला चिकटून देऊ नये, हप्त्याहप्त्याने द्यावं आणि ड्रिपमधून देताना पातळ करावं. चूक लक्षात आली तर लगेच भरपूर साधं पाणी देऊन क्षार खाली ढकलणं हाच उपाय.

क्षारपड जमिनीतही हेच कायम चालू असतं. मातीच्या अर्काची ईसी (विद्युतवाहकता, क्षार मोजायचं माप) ४ डेसीसायमन प्रति मीटरच्या वर गेली की जमीन क्षारयुक्त धरतात. ईसीला ०.३६ ने गुणलं की परासरण दाब (परासरण थोपवायला लागणारा दाब) ‘वातावरण’ या एककात अंदाजे मिळतो. ईसी ४ ला तो १.४ च्या पुढे जातो, आणि तेवढा जादा जोर मुळाला प्रत्येक थेंबासाठी लावावा लागतो. माती जसजशी सुकते तसा दाब आणखी चढतो, म्हणून अशा जमिनीत पाण्याच्या पाळ्यांमधलं अंतर लांबवू नये.

एक गल्लत मात्र टाळा. क्षारपड आणि चोपण वेगळी. चोपण जमिनीत सोडियममुळे चिकणमातीचे कण सुटे होऊन निचरा बंद पडतो, तिथे जिप्समचा उपयोग होतो. नुसत्या क्षारांवर जिप्सम टाकून काही होत नाही. तिथे चर काढून, पाणी देऊन क्षार धुवून काढावे लागतात. माती तपासल्याशिवाय जिप्समवर पैसे घालू नका.

१३. डाळिंब ऐन तोडणीच्या आधी तडकतं. हेही परासरणच का?

त्यात परासरणाचा वाटा मोठा आहे. पिकत आलेल्या दाण्यांत साखर भरलेली असते. पाण्याचा खंड पडला की साल कडक होते आणि तिची ताणण्याची क्षमता जाते. मग एकदम भरपूर पाणी दिलं किंवा पाऊस पडला, तर दाणे पाणी ओढून फुगतात. साल तेवढी वाढत नाही आणि फाटते. बोरॉन आणि कॅल्शियमची कमतरता असेल तर साल आधीच कमकुवत असते.

बहार धरण्याआधी पाणी तोडून देतात तो ताण वेगळा. त्या वेळी झाडावर फळ नसतं. फळ धरल्यावर पाणी थोडं पण नेमाने द्यावं आणि बुंध्याभोवती आच्छादन करावं. सांगोला-पंढरपूरच्या बागायतदारांना माझ्यापेक्षा नेमका सल्ला केगावच्या राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्रात मिळेल. २००५ पासून ते आपल्या सोलापुरातच आहे.

१४. सलाईन ०.९ टक्केच का? आणि डेक्स्ट्रोज ५ टक्के का? दोन्ही समपरासारी कसे?

परासरणाला वजन कळत नाही, तिथे कणांची संख्या मोजली जाते. ९ ग्रॅम मीठ १ लिटर पाण्यात म्हणजे १५४ मिलिमोल (मिलिमोल हे कणांची संख्या मोजायचं एकक). पाण्यात त्याचे सोडियम आणि क्लोराइड असे दोन कण होतात, म्हणून ३०८. ग्लुकोजचा रेणू जड, तो फुटत नाही. ५० ग्रॅमचे २७८ मिलिमोल होतात. रक्तद्रवाचा आकडा २७५ ते २९५ च्या दरम्यान असतो आणि मिठाचे आयन प्रत्यक्षात ३०८ पेक्षा थोडे कमी भरतात. म्हणून दोन्ही द्रावणं लाल पेशीला सोसतात. शुद्ध ऊर्ध्वपातित पाणी मोठ्या प्रमाणात शिरेतून कधीच देत नाहीत, पेशी फुटतात.

आता अपवाद. १ लिटरमध्ये १८ ग्रॅम युरिया घातला तर ३०० मिलिमोल होतात. हिशेबाने समपरासारी. पण लाल पेशी त्यात टाकल्या तर बघता बघता फुटतात! कारण युरिया स्वतः पटलातून आत जातो. तो गेला की आतली संहती वाढते आणि मागोमाग पाणी शिरतं. म्हणून नुसता कणांचा हिशेब पुरत नाही, ते कण पटल ओलांडतात का हेही बघावं लागतं. ५ टक्के डेक्स्ट्रोजचंही काहीसं असंच आहे. पिशवीत असताना ते समपरासारी असतं, पण शरीरात पेशी ग्लुकोज वापरून टाकतात आणि मागे जवळजवळ साधं पाणी उरतं. सिस्टर मंडळी विचारतात की ‘सलाईन संपलं तर डेक्स्ट्रोज लावलं तर चालेल ना’, त्याचं उत्तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही असं आहे, आणि त्याचं कारण हे.

१५. जुलाब झाल्यावर ओआरएसमध्ये साखर कशाला? मीठ-पाणी पुरत नाही का?

लहान आतड्याच्या पेशींत एक वाहक प्रथिन आहे, जे सोडियम आणि ग्लुकोज जोडीने आत घेतं. ग्लुकोज नसेल तर हा दरवाजा उघडत नाही. दोघं आत गेले की आतली संहती वाढते आणि पाणी परासरणाने मागे येतं. जुलाबात आतडं पाणी गमावत असलं तरी हा दरवाजा बहुधा शाबूत असतो. १९७१ मध्ये बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगाव इथल्या छावणीत कॉलरा पसरला, सलाईन संपत आलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचं पाणी पाजून असंख्य जीव वाचवले. परासरणाचा इतका मोठा उपकार मला दुसरा माहीत नाही.

आजच्या सूत्रात १ लिटरला १३.५ ग्रॅम ग्लुकोज, २.६ ग्रॅम मीठ, १.५ ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड आणि २.९ ग्रॅम ट्रायसोडियम सायट्रेट असतं. कणांचा एकूण आकडा (प्रश्न १४) २४५, म्हणजे रक्तापेक्षा थोडा कमी, मुद्दाम. पूर्वी तो ३११ होता. साखर वाढवली तर आतड्यातलं द्रावण अतिपरासारी होतं आणि शरीरातलं पाणी उलट आतड्यात येतं. म्हणून जुलाबात कोल्ड्रिंक देऊ नका आणि ओआरएसमध्ये जादा साखर घालू नका. पाकिटावर लिहिलं असेल तेवढ्याच पाण्यात ते पूर्ण विरघळवा, अर्धं पाकीट अंदाजाने नको. पाकीट नसेल तर १ लिटर स्वच्छ पाण्यात ६ सपाट छोटे चमचे साखर आणि अर्धा सपाट छोटा चमचा मीठ. बाळ सुस्त पडलं, लघवी थांबली किंवा पाजलेलं टिकत नसेल तर घरी थांबू नका.

१६. टॉवेल पाणी शोषतो, मटकी भिजते, बोटं पाण्यात सुरकुततात. हे सगळं परासरण ना?

तिन्ही नाही. टॉवेलच्या धाग्यांमधल्या बारीक फटींतून पाणी चढतं ते केशाकर्षण, तिथे निवडक्षम पटल नाही. कोरडी मटकी भिजते ती तिच्यातल्या पिष्टाला आणि प्रथिनांना पाणी चिकटतं म्हणून. भाजलेले, म्हणजे मेलेले हरभरेही पाण्यात फुगतात, त्यावरून हे कळतं. मोड येऊ लागल्यावर मात्र परासरण कामाला लागतं. बोटांच्या सुरकुत्या मज्जातंतूंच्या हुकमाने पडतात, आतल्या रक्तवाहिन्या आकसतात. ज्या बोटाची मज्जातंतू तुटली आहे त्याला पाण्यात ठेवलं तरी सुरकुत्या पडत नाहीत.

१७. घरच्या आरओमध्ये उलटं परासरण होतं म्हणजे काय? ते पाणी वाया का जातं?

परासरणाच्या मर्जीने पाणी गोड्या बाजूकडून क्षारांच्या बाजूकडे जाईल. पंपाने क्षारांच्या बाजूला परासरण दाबापेक्षा जास्त दाब दिला की पाणी उलट दिशेने पटल ओलांडतं आणि क्षार मागे राहतात. १ लिटरमध्ये १ ग्रॅम मीठ असलेल्या पाण्याला हा दाब १ वातावरणाच्याही आत असतो, म्हणून बोअरच्या पाण्याला छोटा पंप पुरतो. समुद्राच्या पाण्याला तो २७ वातावरणांच्या आसपास जातो. मागे राहिलेले क्षार सतत वाहून नेले नाहीत तर ते पाणी दाट होत जाईल, दाब चढेल आणि पटल बुजेल. वेगळ्या नळीतून जातं ते हेच पाणी. ते फरशी पुसायला वापरा, कुंड्यांना रोज घालू नका (प्रश्न १२).

१८. डायलिसिसमध्ये परासरण होतं की विसरण?

मुख्यतः विसरण. रक्त केसासारख्या पोकळ धाग्यांतून जातं, बाहेरून तयार केलेलं द्रावण उलट्या दिशेने वाहतं. त्यात युरिया नसतो, म्हणून युरिया रक्तातून तिकडे जातो. सोडियम जवळजवळ रक्ताइतकंच ठेवलेलं असतं, म्हणून ते निघून जात नाही. अंगात साचलेलं पाणी यंत्र दाबाच्या फरकाने काढतं.

१९. उजनीतला चिलापी मासा दिवसभर पाण्यात असतो. तो फुगून फुटत का नाही?

त्याचं रक्त उजनीच्या पाण्यापेक्षा दाट असतं, त्यामुळे कल्ल्यांतून पाणी सतत आत शिरत असतं. तो पाणी जवळजवळ पीत नाही, भरपूर पातळ लघवी करतो आणि गेलेले क्षार कल्ल्यांतल्या पंपांनी परत मिळवतो (प्रश्न ७). समुद्रातल्या माशाचं उलट. त्याच्या अंगातलं पाणी बाहेर जातं, म्हणून तो खारं पाणी पितो आणि मीठ कल्ल्यांतून बाहेर टाकतो.

एकपेशीय प्राण्याला ना कल्ले ना मूत्रपिंड. कंबर तलावाच्या कडेचं हिरवट पाणी आणून त्यात गवताच्या काड्या चार-पाच दिवस ठेवा, मग एक थेंब सूक्ष्मदर्शकाखाली बघा. पॅरामेशियम सापडला तर त्याच्या अंगात एक पारदर्शक गोल हळूहळू भरताना आणि एकदम मिटताना दिसेल. ती आकुंचनशील रिक्तिका, शिरलेलं पाणी बाहेर फेकणारी. दोन मिटण्यांमधले सेकंद मोजून ठेवा. आता काचपट्टीच्या कडेने अगदी सौम्य मिठाच्या पाण्याचा थेंब सोडा आणि पुन्हा मोजा. बाहेरचं पाणी दाट झाल्यामुळे आत कमी शिरतं आणि सेकंद वाढलेले दिसतात.